टँकरच्या पाण्याची चौकशी

पत्रकारितेच्या वर्गात पहिल्या दिवशी आम्हाला जे शिकवलं, ते कुठल्याच पेपरच्या अभ्यासक्रमात नव्हतं. सर आत आले, हजेरी न घेता खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मी आज सकाळपासून चहा घेतलेला नाही. याची बातमी करा."

आम्ही माना खाली घालून लिहायला लागलो. कोणी 'चहावाचून प्राध्यापकांचे हाल' असा मथळा दिला. मी 'पत्रकारिता विभागात चहाटंचाई' असा दिला आणि मनातून खूश झालो. सरांनी दोन-चार कागद उचलले, न वाचताच टेबलावर ठेवले आणि विचारलं, "कोणी सांगितलं?"

"सर, तुम्हीच सांगितलं ना."

"मी सांगितलं म्हणजे झालं? माझ्या घरी विचारलं? कॅन्टीनवाल्याला विचारलं?"

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "विचारायची गरज नाही सर. तुमच्या मिशीला साय लागलीय."

वर्ग हसला. सरांनी रुमालानं मिशी पुसली, रुमाल उलगडून पाहिला आणि म्हणाले, "हिला उद्यापासून पुढे बसवा. बाकीच्यांनी लिहून घ्या. समोरचा माणूस खोटं बोलतोय असं धरून चालायचं. खरा निघाला तर त्याचं नशीब."

मी लिहून घेतलं. पुढच्या वर्षभरात कायदा, इतिहास, संज्ञापनाचे सिद्धान्त असं बरंच काही झालं, पण माझ्या अंगात मुरलं ते हे एकच वाक्य.

मी मूळचा लासूर स्टेशनचा. वडील तिथल्या मोंढ्यात मापाडी होते. पोत्यांचं वजन करायचं आणि आकडा ओरडून सांगायचा, हे त्यांचं काम. त्यांनी सांगितलेल्या आकड्यावर विकणारा आणि घेणारा दोघंही मान हलवायचे. कोणी परत काटा लावा म्हटलं, तर वडिलांना त्या दिवशी जेवण जात नसे. अशा घरातून आलेल्या मुलाला कोणावरही विश्वास ठेवू नका हे ऐकताना धक्का बसायला हवा होता. मला मात्र मोकळं वाटलं. आपण आजवर भोळे होतो, आता शहाणे होणार, असं वाटलं. सुट्टीत घरी गेलो तेव्हा वडील बाजारभाव सांगत होते आणि मी विचारलं, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?" वडील माझ्याकडे बघत राहिले आणि आईला म्हणाले, "याला वाढ."

शहरात मी मुकुंदवाडीला एका खोलीत राहत होतो. स्टेशन जवळ होतं, गाडी धरायला सोपं पडायचं. घरमालक आणि त्यांची बायको खाली राहायचे, मी वर पत्र्याच्या खोलीत. मी त्यांना मामा-मामी म्हणायचो. मामांची जमीन नव्या वसाहतींत गेली होती. मिळालेल्या पैशांतून त्यांनी एक जुना ट्रक घेऊन त्यावर टाकी बसवली होती आणि आमच्याच भागात पाण्याचा टँकर चालवायचे. तेव्हा नळाला पाणी काही दिवसांआड यायचं आणि उन्हाळ्यात तेही धड यायचं नाही. गल्लीत प्रत्येक दारापुढे निळा ड्रम असायचा. टँकर कोपऱ्यावर वळला की बाया ड्रमची झाकणं काढून उभ्या राहायच्या. टाकीच्या दोन्ही बाजूंना मामांनी पेंटरकडून 'पिण्याचे पाणी' असं लिहून घेतलं होतं. दुसरा टँकरवाला या गल्लीत टिकला नव्हता, कारण लोक म्हणायचे, मामांच्या पाण्याला चव आहे.

रात्रीचं जेवण मी मामींकडे करायचो. मामींना माझ्यातला बदल आधी दिसला.

"अहो, हे पोरगं आजकाल ताटाकडं असं बघतंय जसं मी भाजीत काही कालवलंय."

"पेपरवाला होतोय तो," मामा म्हणाले. "त्यांना मीठ बी कमी दिसत नाय, कोणी चोरलं ते दिसतंय."

मी हसलो. पण खरंच मी बघत होतो. मामा उजाडायच्या आत टँकर काढायचे. इंजिन सुरू करायच्या आधी ट्रक उतारावरून तसाच ढकलत न्यायचे, मामी मागून हात लावायच्या. शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून, असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. महापालिकेच्या टाकीवर पाणी भरायला रांग लागते, म्हणून लवकर जावं लागतं, असंही सांगितलं होतं. आधी मला यात काही वाटलं नव्हतं. आता वाटायला लागलं. शेजाऱ्यांची एवढी काळजी असणारा माणूस दुपारी मात्र गल्लीत कर्कश हॉर्न वाजवतो, हे मला खटकायला लागलं.

उन्हाळा लागला आणि सरांनी आम्हाला शोधबातमी करायला सांगितली. विभागाचं चार पानी प्रायोगिक वृत्तपत्र निघायचं. त्यातल्या पहिल्या पानावरच्या मुख्य बातमीला मोल होतं. शहरातल्या एका दैनिकाचे संपादक तो अंक चाळायचे आणि एखाद्याला उमेदवारीला घ्यायचे. मला ती जागा हवी होती. मापाडीपणाचा काटा माझ्या हातात यायला नको होता.

त्याच दिवसांत गल्लीतल्या काही लेकरांना जुलाब-उलट्या झाल्या. उन्हाळ्यात होतात तशाच. आणि त्याच दिवसांत मी एका सकाळी वर्गाच्या कामासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला, हर्सूलला गेलो होतो. जेलच्या पुढच्या थांब्यावर बसमधून उतरलो, तर समोरून, तिथल्या तलावाच्या वरच्या अंगाच्या कच्च्या रस्त्यानं, मामांचा टँकर खाली येत होता. टाकी भरलेली होती, मागून पाणी ठिबकत होतं. महापालिकेची टाकी त्या बाजूला नव्हतीच. मामांनी मला पाहिलं नाही. संध्याकाळी मी त्यांना सहज विचारलं, "मामा, आज टाकीवर गर्दी होती का?"

"लई लाइन होती," मामा म्हणाले. "पाय दुखले उभं राहून."

मला काय वाटलं ते खरं सांगतो. वाईट नाही वाटलं. छातीत काहीतरी उजळल्यासारखं झालं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या तोंडावर खोटं बोललं होतं आणि मला ते कळलं होतं. तलावातलं कच्चं पाणी 'पिण्याचे पाणी' म्हणून विकलं जातंय, लेकरं आजारी पडतायत. बातमी माझ्या जेवणाच्या ताटापर्यंत चालत आली होती.

सरांना मी नाव न घेता विषय सांगितला. ते म्हणाले, "पुरावा गोळा कर. तीन वेगवेगळी माणसं बोलली पाहिजेत. आणि ज्याच्यावर बातमी आहे त्याच्याकडे सगळ्यात शेवटी जायचं. आधी गेलास तर तो सावध होतो." हा धंद्याचा रीतसर नियम आहे. आजही सगळीकडे पाळला जातो. मी तो अगदी मनापासून पाळला.

पहिल्यांदा मी दवाखान्यात गेलो. डॉक्टर नव्हते. कंपाउंडर पुड्या बांधत बसले होते, जुन्या शहरातून रोज सायकलवर येणारे वयस्कर गृहस्थ. मी विचारलं, लेकरं कशानं आजारी पडतायत?

"कायकू पूछरे भाई? बच्चे तो हर गर्मी में पडते."

"पाण्यामुळं असेल का? आमच्या गल्लीत टँकरचं पाणी येतं. तो टँकर हर्सूलकडून येतो असं कळलंय. नाही, सहज विचारतोय."

त्यांचा हात पुडीवर थांबला. "अच्छा? हर्सूल से?" मग मान हलवली. "अब तुम बोलरे तो पानीच होना."

मी बाहेर येऊन लिहिलं: वैद्यकीय सूत्रांनी पाण्याबाबत शंका व्यक्त केली.

तेव्हा मी स्वतःला फार सावध समजत होतो. कोणालाच मी पाणी वाईट आहे असं म्हटलं नाही. मामांचं नाव घेतलं नाही. मी फक्त विचारलं. बाकीच्या गल्लीत तर मी लगेच विचारलंही नाही. आधी लोक आपणहून काय बोलतात ते ऐकायचं ठरवलं, कारण सर म्हणायचे, आपण तोंड उघडलं की साक्षीदार बिघडतो.

आठवड्याभरात लोक आपणहून बोलायला लागले. मी किराणा दुकानात साबण घ्यायला गेलो तर दुकानदारच खाली वाकून म्हणाले, "पाण्याचं काही ऐकलं का? तलावातून भरून आणतात म्हणे. जनावरं धुतात तिथलं." कोपऱ्यावर एक बाई शिवणकाम करायच्या, त्यांनी ड्रम दारातून उचलून मागे नेऊन ठेवला. आणि पलीकडच्या घरातले निवृत्त कारकून, आयुष्यभर तहसीलात फायली हाताळलेले, सगळे त्यांना काका म्हणायचे, त्यांनी मला रस्त्यात थांबवलं.

"अहो पत्रकार, तुमच्या घरमालकांचं पाणी नाल्यातलं आहे असं खात्रीलायक समजतं."

"कोणाकडून समजलं काका?"

"खात्रीलायक," काका म्हणाले. "अधिक विचारू नका."

माझी तीन माणसं झाली. चौथी साक्ष न विचारता येत होती. एका दुपारी टँकर कोपऱ्यावर वळला, मामांनी हॉर्न दिला, आणि अर्धी दारं उघडलीच नाहीत. मामा खाली उतरले, पाइप हातात धरून उभे राहिले. मामी म्हणाल्या, "लग्नाचे दिवस हायेत, लोक गावाला गेले असतील." मी वरच्या खोलीच्या खिडकीतून ते बघत होतो आणि मनात वाक्य जुळवत होतो: परिसरातील नागरिकांमध्ये भीतीचे वातावरण.

त्याच दिवशी मी मामींच्या ड्रममधून बाटलीभर पाणी काढून विद्यापीठातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या एका मुलाकडे दिलं. तो होस्टेलवर राहायचा, माझ्याशी चहाची ओळख होती. आणि बातमीची कॉपी लिहून सरांच्या टेबलावर ठेवली.

सरांनी ती दुसऱ्या दिवशी परत दिली. लाल शाई फार नव्हती. फक्त प्रत्येक वाक्यापुढे समासात दोन शब्द होते: कोणी सांगितलं?

"सर, लिहिलंय ना. दुकानदार, एक गृहिणी, एक निवृत्त शासकीय कर्मचारी, वैद्यकीय सूत्र."

"त्यांनी पाणी भरताना पाहिलंय?"

"नाही सर."

"मग त्यांना कोणी सांगितलं? मागे मागे जा. जिथं डोळ्यांनी पाहिलेला माणूस भेटेल तिथं थांब. तोपर्यंत ही बातमी नाही, गावगप्पा आहे."

मी संध्याकाळी काकांपासून सुरुवात केली. काका आढेवेढे घेत म्हणाले, दुकानदारानं सांगितलं. दुकानदाराला विचारलं, नाल्याचं कोणी सांगितलं? ते म्हणाले, "नाल्याचं मी नाही म्हटलं, तलावाचं म्हटलं. मला शिवणवाल्या ताईंनी सांगितलं." शिवणवाल्या बाईंनी मशीन थांबवली. "तलाव-बिलाव मला काय माहीत भाऊ? मी म्हटलं, हर्सूलचं पाणी हाय अन् त्यानं पोरं आजारी पडतात. दवाखान्यात कळलं. माझं धाकटं घेऊन गेले होते तव्हा." मागे जाताना बातमी लहान लहान होत गेली. नाला गेला, जनावरं गेली, तलाव गेला. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा तिच्यात हर्सूल आणि पाणी एवढंच उरलं होतं.

कंपाउंडर दार लावायच्या तयारीत होते. मी विचारलं, चाचा, टँकरच्या पाण्याचं तुम्हाला कोणी सांगितलं?

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. माझी गंमत करतोय का ते बघत असावेत.

"तुमच बोले थे ना भाई. इसी कुर्सी पे बैठ के. मैं तो दवा देनेवाला आदमी, मेरेकू पानी का क्या मालूम?"

मी परत पायी आलो. वाटेत मी स्वतःशी काय बोलत होतो ते मला लाजिरवाणं वाटतं, पण लिहितो. मी म्हणत होतो, ठीक आहे, पण मी तर डोळ्यांनी पाहिलंय. टँकर त्या रस्त्यानं येताना मी पाहिला. म्हणजे डोळ्यांनी पाहिलेला माणूस मीच आहे. सरांचा नियम पूर्ण होतो. अजूनही मला बातमी वाचवायची होती.

दोन-तीन दिवसांनी सूक्ष्मजीवशास्त्रवाला भेटला. "पाणी एकदम पिण्यालायक आहे," तो म्हणाला. "तुमच्या विभागातल्या माठापेक्षा चांगलं. कुठलं आहे? विहिरीचं वाटतं."

मी त्याला म्हटलं, "परत एकदा बघतोस का?"

"का? चांगलं आहे म्हटलं ना."

"एकदा बघ."

तो विचित्र नजरेनं बघायला लागला. "तुला ते वाईट निघायला हवंय का?"

मी नाही म्हटलं. पण मला हवं होतं. गल्लीतली सगळी लेकरं जे पाणी पीत होती, ज्यात मामी माझ्यासाठी वरण शिजवत होत्या, ते पाणी चांगलं निघालं म्हणून मला वाईट वाटत होतं. इतक्या वर्षांनीही मामांच्या नुकसानीपेक्षा ही गोष्ट मला जास्त टोचते. नुकसान माझ्या हातून अजाणता झालं असं म्हणता येईल. हे वाटणं माझं होतं, कोणी लावलेलं नव्हतं.

तेव्हा कुठं मी मामांकडे गेलो. सगळ्यात शेवटी. ते अंगणात बाजेवर बसून पाइपचा फाटलेला तुकडा सायकलच्या ट्यूबनं बांधत होते. टँकर दारात उभा होता आणि टाकी अर्धी भरलेली होती. गल्लीनं घेतलं नव्हतं.

"मामा, पाणी कुठून आणता?"

त्यांनी गाठ मारली, दातानं ओढली. "टाकीवरून."

"मी तुम्हाला हर्सूलला पाहिलं होतं."

मामी दारात येऊन थांबल्या. मामांनी पाइप खाली ठेवला.

"मंग तव्हाच हात करायचा ना," ते म्हणाले. "बसवून आणला असता. उगं बसला पैसे घातले."

मामांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणून सांगितलं. हर्सूलच्या वर, जमिनीच्या उरलेल्या एका तुकड्यात, त्यांची वडिलोपार्जित विहीर होती. निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या दुसऱ्या साली त्यांच्या आज्यानं खणलेली. कधी आटली नव्हती. त्या तुकड्यावरून मामांचा आणि त्यांच्या थोरल्या भावाचा वाद कोर्टात होता. भाऊ म्हणायचा, निकाल लागेस्तोवर पाण्याला हात लावायचा नाही. मामा म्हणायचे, अर्धं पाणी माझं. म्हणून भाऊ शेताकडं यायच्या आत मामा भरून घ्यायचे. भावाकडच्या सालगड्याला ठाऊक होतं, तो गप्प बसायचा.

"गल्लीत सांगितलं की हर्सूलपतूर जायला किती वेळ लागतोय?" मामा म्हणाले. "भावाच्या कानावर गेलं की तो मोटारीला कुलूप ठोकील. म्हून टाकीचं नाव सांगतो. खोटं बोलतो, व्हय. पण पाणी खोटं नाय."

"मला तरी सांगायचं होतं मामा."

"तू इचारलं व्हतं?"

मी दवाखान्याचं आणि तपासलेल्या बाटलीचं सांगितलं आणि म्हणालो, मी कोणालाच काही सांगितलं नाही, मी फक्त विचारत होतो. हे खरं होतं. ते ऐकून मामी आत निघून गेल्या.

मामांना राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांनी व्यवहाराची गोष्ट काढली. "तुमचा तो पेपर निघतो ना विद्यापीठाचा? त्यात छाप. तपासलंय, पाणी चांगलं हाय. तेवढंच. काकाला दाखव, दुकानदाराला दाखव. छापलेलं असलं की लोक मानतात. इहिरीचं मातर लिहू नको."

मी रात्रीतून कॉपी केली. 'टँकरचे पाणी पिण्यायोग्य'. आयुष्यात इतकी मन लावून मी दुसरी बातमी लिहिली नसेल. सरांनी ती उभ्या उभ्या वाचली.

"सहा ककार सांग."

"कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसे."

"यात 'कुठे' कुठे आहे? पाणी कुठलं?"

"सर, ते देता येत नाही. त्या माणसाचं नुकसान होईल."

"मग वाचकानं कशावर विश्वास ठेवायचा? एका मित्रानं तपासलेल्या एका बाटलीवर?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "आणि दुसरं. पाणी चांगलं आहे, ही बातमी होत नाही. घरं उभी आहेत, बस वेळेवर आली, पाणी चांगलं आहे. वाईट असतं तर पहिल्या पानावर घेतली असती."

मी सरांना सगळं सांगितलं. दवाखान्यापासून. ते बाकावर बसले. मग म्हणाले, "खुलासा छापला तर ज्याला काही माहीत नव्हतं, तोही ड्रम झाकून ठेवेल. गप्प राहा. आपोआप विरेल." सर वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत असावं. पण तासाला त्यांनी माझं उदाहरण वर्गाला सांगितलं, नाव न घेता, बातमीचा उगम कसा शोधावा म्हणून. सगळ्यांनी लिहून घेतलं. प्रात्यक्षिकात मला उत्तम गुण मिळाले. ती मिशीवरची साय पाहणारी मुलगी दैनिकात उमेदवारीला गेली.

मी गप्प राहिलो नाही. मी दारोदार गेलो. शिवणवाल्या बाईंना म्हटलं, ताई, पाणी चांगलं आहे, मी तपासून घेतलंय.

"असंल भाऊ. पण कुठलं हाय ते?"

"ते... चांगलं आहे एवढं नक्की."

"व्हय," बाई म्हणाल्या आणि पुन्हा मशीन चालवायला लागल्या.

दुकानदार म्हणाले, "तुम्ही त्यांच्याकडंच राहता ना? भाडं किती घेतात? कमी केलं का?" काकांनी तर मला आत बोलावून पाणी दिलं, उकळून गाळलेलं, आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे पाहा, मी सरकारी नोकरी केली आहे. ज्याच्या घरी चूक असते, तोच चूक नाही म्हणून सांगत फिरतो. कोणी आरोप केला होता का तुमच्यावर?"

खरंच, कोणी केला नव्हता. 'पाणी कुठलं' या प्रश्नापाशी मी प्रत्येक दारात अडखळायचो आणि समोरच्याच्या डोळ्यांत मला दिसायचं की त्याला उत्तर मिळालेलं आहे. तेच उत्तर, जे मामांच्या 'लई लाइन होती' या वाक्यात मला मिळालं होतं.

गल्लीत दुसरा टँकर यायला लागला. तो पाणी कुठून भरायचा हे कोणी विचारलं नाही. मामांनी काही दिवस वाट पाहिली, दुसऱ्या वसाहतीत फिरून पाहिलं. पण टँकरवाल्यांत गोष्टी पोचतात. शेवटी ते बांधकामांवर पाणी टाकायला लागले. तिथं भाव निम्मा. भिंतींवर मारायला, काँक्रीट कालवायला कसलंही पाणी चालतं, म्हणून मग ते उजाडायच्या आत हर्सूललाही जाईनात. जवळच्याच खाऱ्या बोअरवर भरून घ्यायचे. एकदा बांधकामाचं पाणी टाकीत गेलं की त्या टाकीतलं कोणी पीत नाही, हे मामांना माहीत होतं. एका दुपारी त्यांनी स्वतःच ब्रश घेऊन 'पिण्याचे पाणी' यावर रंग फासला. पेंटर बोलावला नाही. मी खाली उतरून म्हटलं, मी लावतो. ते म्हणाले, "राहू दे, तुझे कपडे खराब होतील." खोचून नाही बोलले. माझ्या अंगात खरंच नवा शर्ट होता.

त्यांनी मला खोली सोडायला सांगितलं नाही. मामींनी जेवण बंद केलं नाही. बदललं ते एवढंच की मी जिन्यावरून उतरलो की खालचं बोलणं थांबायचं. कोर्टाची तारीख, भावाकडचा निरोप, डिझेलची उधारी, लेकीकडची पाहुणी, कसलंही बोलणं असो. मी ताटावर बसलो की मामी आमटीबद्दल बोलायच्या. आधी मीठ कोणी चोरलं असं म्हणून हसणारे मामा भाकरी मोडून खाली बघत जेवायचे. मी काही विचारलं तर ते आधी माझ्याकडे बघायचे, मग दाराकडे, मग उत्तर द्यायचे, आणि ते उत्तर नेहमी लहान असायचं. मी ज्या नजरेनं त्यांच्याकडे वर्षभर बघत होतो, ती नजर आता माझ्यावर होती आणि ती किती जड असते ते मला कळत होतं. पुढे मी पत्रकारच झालो, पण बातमीदारी घेतली नाही. डेस्कवर बसलो, दुसऱ्यांच्या कॉप्या तपासत. लोक म्हणतात, याचा स्वभाव बुजरा आहे. मी म्हणू देतो.

परीक्षा संपली त्या दिवशी मी पेटी आवरून खाली आणली. मामा टँकरचा कॉक बदलत होते, हात गंजानं लाल झाले होते. मामी घरात नव्हत्या. निघताना काहीतरी बोलायला हवं होतं. माफी मागायची म्हणून मी जिन्यावर तीन वेळा थांबलो होतो, पण तोंडातून दुसरंच आलं. रोज कोणीही कोणाला विचारतं तसं.

"मामा, उद्या कोणत्या साइटवर जाणार?"

त्यांनी पाना थांबवला. माझ्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं.

"कशाला पायजे?" त्यांनी विचारलं.